नव्या कॅम्परव्हॅनचं इंजिन वाटेत बंद पडलं तर: लाल दिव्यापासून गाडी परत ताब्यात येईपर्यंत

गाडीला वर्षही झालेलं नसतं, किलोमीटरचा आकडा अजून चार अंकी असतो, आणि ती भर रस्त्यात थांबते. अशा वेळी दोन चुका हमखास होतात. गाडी नवी आहे म्हणून लाल दिव्याकडे काणाडोळा करून ती पुढच्या गावापर्यंत रेटली जाते. नाहीतर, वॉरंटी आहेच म्हणून कुठलीही नोंद न ठेवता गाडी टो ट्रकवर चढवून दिली जाते. पहिल्या चुकीत इंजिन जातं, दुसरीत वॉरंटीचा दावा लटकतो.

कॅम्परव्हॅन ही दोन निर्मात्यांची गाडी असते. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक आणि मूळ वायरिंग व्हॅन बनवणाऱ्या कंपनीचं. आतलं घर, जादा बॅटरी, सोलर, हीटर, फिरत्या सीट हे सगळं कन्व्हर्टरचं, म्हणजे व्हॅनमध्ये घर बसवणाऱ्याचं. बिघाड कोणाच्या हद्दीतला यावर पुढचं सगळं अवलंबून असतं, आणि ते ठरवायला लागणारा पुरावा बहुतेक वेळा पहिल्या तासाभरातच मिळतो. नंतर कोणीतरी बॅटरी काढतं, गाडीच्या संगणकात साठलेले बिघाडाचे कोड पुसतं, तेल बदलतं, आणि दोघंही निर्माते एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे होतात.

कुठल्या दिव्याला किती वेळ द्यायचा

तेलाच्या दाबाचा लाल दिवा, म्हणजे ऑइल कॅनचं चित्र, चालत्या गाडीत लागला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन तिथेच बंद करा. तेलाचा दाब गेला की क्रँकशाफ्टचं बेअरिंग आणि टर्बो कोरडे फिरतात, आणि नासधूस व्हायला मिनिटही पुरतं. "एवढा चढ संपवू आणि थांबू" हा विचार इथे करूच नका.

तापमानाचा लाल दिवा लागला किंवा काटा लाल पट्ट्यात गेला तरीही थांबायचंच. सुरक्षित जागा पाचशे मीटरवर दिसत असेल, तर एसी बंद करून केबिनचा हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात लावा. हीटरचा छोटा रेडिएटर इंजिनची थोडी उष्णता ओढून घेतो. तो गरम हवेऐवजी गार हवा फेकायला लागला तर समजा की कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) वाहून गेलं आहे. मग तेवढे पाचशे मीटरही चालवू नका.

बॅटरीचा लाल दिवा लागला की पॉवर स्टीअरिंग जड झालं आहे का, तापमान चढतंय का ते पाहा. तसं असेल तर पुढचा पट्टा तुटल्याची शक्यता मोठी, आणि बऱ्याच इंजिनांत वॉटर पंप त्याच पट्ट्यावर असतो. नुसता दिवा असेल, बाकी सगळं नीट असेल, तर दिवसाउजेडी, दिवे-पंखे बंद ठेवून थोडं अंतर कापता येतं.

पिवळा इंजिनचा दिवा स्थिर असेल तर हळू चालवत योग्य जागी जाता येतं. पेट्रोल इंजिनात तोच दिवा लुकलुकत असेल तर मिसफायर होतंय आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणारा भाग) जाऊन तो जाळतंय. तेव्हा थांबा. डिझेलच्या बऱ्याच व्हॅनमध्ये लुकलुकणारा दिवा ग्लो प्लगच्या गुंडाळीच्या चित्राचा असतो. त्याचा अर्थ गाडीगणिक बदलतो, म्हणून मॅन्युअलचं ते पान आधीच पाहून ठेवलेलं बरं.

एक प्रकार क्वचित घडतो, पण माहीत हवा. टर्बोचं सील फुटलं किंवा ऑइलची पातळी फार वाढली तर डिझेल इंजिन स्वतःचंच तेल जाळत सुसाट फिरायला लागतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. मॅन्युअल गिअर असेल तर ब्रेक दाबून धरा, सर्वात वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. ऑटोमॅटिक असेल तर हँडब्रेक लावून सगळ्यांना घेऊन गाडीपासून लांब व्हा.

थांबल्यावर: ही गाडी घरही आहे

हझार्ड दिवे लावा, चाकं रस्त्याच्या कडेकडे वळवा, अंगात चमकदार जॅकेट घाला आणि रहदारीच्या विरुद्ध बाजूच्या दाराने उतरा. सरकतं दार रस्त्याच्या बाजूला येत असेल तर ते उघडू नका. सगळ्यांना पुढच्या केबिनमधून, कडेच्या दाराने उतरवा. द्रुतगती मार्गावर प्रवाशांनी कठड्यापलीकडे थांबावं, आत बसून चहा करू नये. त्रिकोण किती मीटर मागे ठेवायचा याचे नियम देशागणिक वेगळे आहेत, आणि काही ठिकाणी द्रुतगती मार्गावर तो ठेवायलाच मनाई आहे.

मग गॅस. सिलिंडरची चावी तिथेच, सिलिंडरवरच बंद करा, आतल्या नळ्यांवरच्या छोट्या व्हॉल्व्हवर विसंबू नका. फ्रिज गॅसवर असेल तर तो बंद करा. डिझेल हीटर इंजिन बंद असतानाही चालतो, त्यामुळे थंडीत तो मोठा आधार आहे. पण कुठेही डिझेलचा वास येत असेल, खाली थेंब पडत असतील किंवा धूर निघत असेल तर तो अजिबात लावायचा नाही. तो बहुधा मुख्य टाकीतूनच डिझेल ओढतो आणि त्याच्या आत ज्वाळा असते. एक्झॉस्टचा पाईप तापलेला असताना वाळल्या गवतावर गाडी उभी करू नका. डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ होत असेल तर तिथलं तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं.

हात लावायच्या आधी नोंद

मोबाइल काढा. डॅशबोर्डचा व्हिडिओ घ्या, इग्निशन चालू असताना (चुकीचं इंधन भरल्याचा संशय असेल तर मात्र चावी फिरवू नका), सगळे दिवे आणि किलोमीटरचा आकडा दिसेल असा. गाडीखालचा डाग, धुराचा रंग, बाहेरचं तापमान, इंधनाची पातळी हेही टिपा. आवाज येत असेल आणि इंजिन चालवणं सुरक्षित असेल तर दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग पुरे.

ओबीडी कोड रीडर (गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारं छोटं यंत्र) जवळ असेल तर कोड वाचा आणि पडद्याचा फोटो घ्या. कोड पुसू मात्र नका. प्रत्येक कोडसोबत त्या क्षणाचा वेग, तापमान, इंजिनवरचा ताण यांची नोंद ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) साठवतो. ती "फ्रीझ फ्रेम" पुसली की मेकॅनिककडे फक्त तुमचा शब्द उरतो. दिवा गेला म्हणून गाडी सुधारली असंही नसतं.

काही कोड ओळखीचे असावेत. पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी पडतोय. पी००८७ म्हणजे इंधनाच्या रेलमध्ये (इंजेक्टरना डिझेल पुरवणारी नळी) पुरेसा दाब नाही. पी२००२ डीपीएफची कार्यक्षमता घटल्याचा, पी०४०१ ईजीआरमधून (एक्झॉस्टचा काही वायू परत इंजिनात सोडणारी व्यवस्था) पुरेसा प्रवाह नसल्याचा, पी२०ईई ॲडब्लू (डिझेलचा धूर स्वच्छ करणारं द्रव) प्रणाली नीट काम करत नसल्याचा. पी००१६ दिसला तर क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांचा मेळ बिघडला आहे, आणि टायमिंग बेल्ट किंवा चेन सरकलेली असू शकते. त्यावर पुन्हा सेल्फ मारू नका, कारण व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळले तर छोटं काम मोठं होतं. यू०१०० म्हणजे ईसीयूशी संपर्कच तुटला. वायरिंगवर किंवा बॅटरीवर आधी संशय घ्या.

सेल्फ फिरतच नाही

नव्या कॅम्परव्हॅनमध्ये हा दोष नेहमी सापडतो, आणि तो बहुतेक वेळा इंजिनाचा नसतो. व्हॅन कारखान्यातून निघते, कन्व्हर्टरच्या आवारात महिनोन्‌महिने उभी राहते, मग विक्रेत्याकडे. तेवढ्यात बॅटरी एक-दोनदा पूर्ण उतरलेली असते. लेड-ॲसिड बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेट चढतं आणि ती कायमची कमजोर होते.

मल्टिमीटर लावा. गाडी काही तास उभी असेल तर १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ च्या खाली म्हणजे उतरलेली. आता दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा आणि आकड्यावर नजर ठेवा. ९.६ च्या खाली घसरला तर बॅटरी दमली आहे. घसरतच नसेल आणि नुसता "टक्" असा एक आवाज येत असेल तर स्टार्टर किंवा अर्थिंगवर या. मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल वायर इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ. इथे ०.५ व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर अर्थिंगची पट्टी सैल आहे किंवा तिच्याखाली रंग राहिला आहे.

बॅटरी शोधायलाच काही जणांची दहा मिनिटं जातात, म्हणून सांगून ठेवतो: फियाट ड्युकॅटोत ती डाव्या बाजूच्या पायाखालच्या फरशीत असते, मर्सिडीज स्प्रिंटरमध्ये चालकाच्या पायाखाली, फोर्ड ट्रान्झिटमध्ये चालकाच्या सीटखाली. जंपर केबल लावायला बॉनेटखाली वेगळी पॉझिटिव्ह खुंटी दिलेली असते. आधी लाल ते लाल, मग मदतीच्या गाडीचा काळा, आणि शेवटचा काळा चिमटा आपल्या गाडीच्या ठरलेल्या अर्थिंग बिंदूवर, बॅटरीवर नाही.

आतल्या लिथियम बॅटरीवरून थेट जंप देण्याचा मोह होतो. तो टाळा. डिझेलच्या स्टार्टरला काहीशे ॲम्पिअर लागतात. घरगुती वापराच्या १०० ॲम्पिअर-तासाच्या बऱ्याच लिथियम बॅटऱ्यांचा बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) १०० ते १५० ॲम्पिअरच्या आसपास पुरवठा तोडतो, आणि मग दिवे, पंप, फ्रिज सगळंच बंद. त्याऐवजी इन्व्हर्टर चालू करा, त्याला १० ॲम्पिअरचा साधा बॅटरी चार्जर जोडा आणि तो स्टार्टर बॅटरीला तासभर लावून ठेवा. नुसत्या उतरलेल्या, पण धडधाकट बॅटरीला एका स्टार्टपुरतं एवढं बहुतेक वेळा पुरतं.

धक्का स्टार्ट नको. तीन टनांची गाडी ढकलणं धोक्याचं आहेच, शिवाय ऑटोमॅटिकमध्ये ते होतच नाही.

गाडी सुरू झाली की चार्जिंग तपासताना एक गफलत होते. १३.८ ते १४.७ व्होल्ट दिसले तर ठीक, पण नव्या व्हॅनमधला स्मार्ट अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी मधेच चार्जिंग थांबवतो, तेव्हा आकडा १२.४ च्या आसपासही दिसतो. तेवढ्यावरून अल्टरनेटर गेला असं ठरवू नका. हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर आणि पंखा लावून पाहा. ताण पडल्यावर आकडा चढला तर अल्टरनेटर शाबूत आहे.

आणि इथेच कन्व्हर्टरच्या कामाचा दोष डोळ्यांना दिसू शकतो. स्टार्टर बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर एक छोटा चौकोनी सेन्सर असतो, त्यातून बारीक वायर निघते. किती करंट आत आला, किती गेला हे तो मोजतो. आतल्या उपकरणांची काळी वायर या सेन्सरला वगळून थेट खुंटीवर कसलेली असेल, तर गाडीला तो करंट दिसतच नाही. बॅटरी भरलेली आहे अशा समजात अल्टरनेटर चार्जिंग कमी करतो आणि बॅटरी हळूहळू उतरते. ती वायर चासीच्या अर्थिंग बिंदूवर हवी. असं दिसलं तर हात न लावता जवळून फोटो घ्या.

फिरत्या सीटखालचं वायरिंगही पाहा. सीट पूर्ण फिरवताना हार्नेस (वायरींचा जुडगा) सीटच्या पायाच्या कडेला घासून कापला जातो, मग एअरबॅगचा दिवा, हँडब्रेकचा खोटा इशारा किंवा फ्यूज उडणं असं काहीबाही सुरू होतं. फरशीतून खाली आलेला एखादा लांब स्क्रू हार्नेसमध्ये घुसलेला असू शकतो. टॉर्च घेऊन गाडीखालून पाहिलं तर त्याचं टोक दिसतं.

बॅटरी पुन्हा पुन्हा उतरत असेल तर गाडी कुलूपबंद करून अर्ध्या तासाने गळती, म्हणजे बंद गाडीतही बॅटरीतून वाहणारा करंट, मोजा. ५० मिलिॲम्पिअरपर्यंत चालतं: ९५ ॲम्पिअर-तासाची बॅटरी त्यावर निम्मी व्हायला साधारण ४० दिवस घेते. ट्रॅकर, अलार्म आणि डॅशकॅम मिळून २०० मिलिॲम्पिअर झाले तर तेच दहा दिवसांत होतं.

सेल्फ फिरतो, इंजिन धरत नाही

आधी चावी. इमोबिलायझरचा (चावी ओळखली नाही तर इंजिन सुरू होऊ न देणारी चोरीविरोधी यंत्रणा) दिवा पेटलेला असेल तर दुसरी चावी वापरून पाहा. मग इंधन. नुकतंच भरलं असेल आणि पंपावरून निघाल्यावर काही किलोमीटरात गाडी गचके देऊन थांबली असेल, तर पावती तपासा. डिझेलमध्ये पेट्रोल गेलं असेल किंवा ॲडब्लू डिझेलच्या टाकीत ओतलं गेलं असेल, तर इग्निशनसुद्धा चालू करू नका. नुसती चावी फिरवल्यानेही टाकीतला पंप ते मिश्रण पुढे ढकलतो. ॲडब्लू म्हणजे ३२.५ टक्के युरियाचं पाण्यातलं द्रावण. ते इंधन प्रणालीत गेलं की गंज आणि स्फटिक दोन्ही धरतं.

पंपावरचं डिझेलच खराब असल्याचा संशय असेल तर पावती जपा आणि टाकी उपसताना कोरड्या, स्वच्छ काचेच्या दोन बाटल्यांत नमुने भरायला लावा. झाकणावर तारीख, गाडीचा क्रमांक, तुमची आणि वर्कशॉपची सही. एक त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे. "इंधन दूषित होतं, वॉरंटी लागू नाही" हे वाक्य पुढे ऐकायला लागलं तर प्रयोगशाळेचा अहवाल मागायला ही बाटलीच कामी येते.

कॉमन रेलच्या पाईपचा नट सैल करून "डिझेल येतंय का" पाहायचा जुना प्रकार या इंजिनांवर करू नका. तिथे १६०० ते २००० बार किंवा त्याहून जास्त दाब असतो, बारीक फवारा कातडीतून आत शिरतो.

चालते, पण दम नाही

चढावर पिकअप अचानक गेला, इंजिन साधारण ३००० फेऱ्यांच्या वर जात नाही, पिवळा दिवा लागला, म्हणजे गाडी लिंप मोडमध्ये गेली. ईसीयूने इंजिन वाचवण्यासाठी ताकद कापली आहे. थांबा, इंजिन बंद करा, गाडी लॉक करून चावी लांब न्या आणि पंधरा मिनिटं जाऊ द्या, म्हणजे सगळे कंट्रोलर झोपतात. नंतर पूर्ववत झाली तरी नोंद ठेवा, दोष तिथेच आहे.

पी०२९९ सोबत फुसफुस आवाज आणि काळा धूर असेल तर इंजिन गार झाल्यावर टर्बो ते इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारा भाग) आणि तिथून इंजिनकडे जाणारे जाड रबरी होज हाताने चाचपा. सांध्यावर बोट फिरवा: तेलाचा ओलसर काळा थर आणि त्यात धूळ चिकटलेली असेल तर हवा तिथून निसटते आहे. होज क्लॅम्पमधून अर्धा बाहेर आलेला असतो आणि वरून पाहिलं तर नीट बसल्यासारखा दिसतो, म्हणून बोटानेच कळतं. नव्या गाडीत सैल क्लॅम्प हा सामान्य दोष आहे. तो कसून पुढे जाता येतं, पण कसण्याआधी फोटो.

डीपीएफचं दुखणंही नव्या गाडीला होतं. आवारातल्या आवारात हलवाहलव, पाच मिनिटं इंजिन चालू ठेवणं, यात फिल्टर गरम होत नाही आणि काजळी साचते. दिवा लागला तर, मॅन्युअलमध्ये वेगळं काही म्हटलं नसेल तर, मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने, २००० च्या वर फेऱ्या ठेवून १५ ते २० मिनिटं चालवा. टाकीत पाव टाकीपेक्षा कमी डिझेल असेल तर बऱ्याच गाड्या ही सफाई सुरूच करत नाहीत. उभ्या गाडीत आयडलिंग १००० च्या आसपास चढलेलं, पंखा जोरात आणि स्टार्ट-स्टॉप बंद अशी लक्षणं दिसली की सफाई चालू आहे. तेव्हा इंजिन बंद करू नका. ती वारंवार अर्धवट राहिली की सिलिंडरमध्ये जादा सोडलेलं डिझेल भिंतीवरून ओघळून तेलात उतरतं.

त्यामुळे डिपस्टिक (तेलाची पातळी मोजायची पट्टी) दोन्ही बाजूंनी वाचायची. गाडी सपाटीवर हवी. मुक्कामासाठी जवळ ठेवलेले लेव्हलिंग रॅम्प इथे कामाला येतात. इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पट्टी पुसा, पुन्हा घाला, काढा. थेंब पांढऱ्या टिश्यूवर सोडा. काळा डाग मधे आणि त्याभोवती पिवळट ओलं वर्तुळ पसरत गेलं, पट्टीला डिझेलचा वास आला आणि पातळी वरच्या खुणेच्याही वर असली, तर तेल पातळ झालं आहे. त्या तेलावर लांब पल्ला मारू नका.

ॲडब्लू संपत आल्याचा इशारा मात्र हलक्यात घेऊ नका: उरलेले किलोमीटर उलटे मोजले जातात आणि शून्यावर आल्यावर इंजिन बंद केलं की पुन्हा सुरू होत नाही. एक-दोन लिटर ओतून सेन्सरला पत्ता लागत नाही. किमान ५ ते १० लिटर भरा आणि इग्निशन थोडा वेळ चालू ठेवा. ते उणे ११ अंशाला गोठतं, पण त्यासाठी टाकीत हीटर असतो.

तापलेलं इंजिन

झाकण उघडायची घाई करू नका. कूलंट दाबाखाली असतं आणि उघडताक्षणी उकळून अंगावर येतं. निदान ४५ मिनिटं थांबा, वरचा होज हाताने दाबून पाहा, मऊ लागला तर फडकं धरून पाव फेरा फिरवा. अडचणीत डिस्टिल्ड पाणी चालेल, पण वेगळ्या प्रकारचं कूलंट मिसळू नका, काही मिश्रणांत गाळ धरतो. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली म्हणून हेड गॅस्केट उडाली असं लगेच म्हणू नका. थंडीत छोट्या फेऱ्यांमुळे वाफ साचूनही ती धरते. कूलंट सतत घटतंय, पांढरा गोडसर वासाचा धूर येतोय आणि डिपस्टिकवरचं तेलही दुधाळ आहे, असं तिन्ही जुळलं तर गाडी चालवूच नका.

फोन: क्रम महत्त्वाचा

पहिला फोन मूळ व्हॅनच्या कंपनीच्या रस्त्यावरील मदत सेवेला. वॉरंटीच्या काळात ती बहुधा सोबतच मिळते, आणि त्यांनीच अधिकृत वर्कशॉपला नेलं तर "बाहेरच्या माणसाने हात लावला" हा वाद उद्भवत नाही. विमा किंवा स्वतंत्र ब्रेकडाउन सेवा नंतर. कन्व्हर्टर आणि विक्रेत्याला त्याच दिवशी ईमेल करा, जेणेकरून तारीख नोंदली जाईल. वॉरंटी कोणत्या दिवसापासून मोजली जाते तेही लेखी विचारा. ती तुमच्या नोंदणीपासून न मोजता, व्हॅन कन्व्हर्टरला दिली त्या दिवसापासून धरलेली असते असं कधी कधी आढळतं, आणि मग कागदावर सहा-आठ महिने आधीच गेलेले असतात.

फोनवर १७ अक्षरी व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) द्या आणि "ही व्हॅन आहे" असं म्हणून थांबू नका. लांबी, सायकल रॅकसह उंची, प्रत्यक्ष वजन, पुढची चाकं ओढतात की मागची, गिअर ऑटोमॅटिक आहे का, माणसं किती, हे सांगा. छोटा ट्रक येऊन परत जाण्यात तीन-चार तास वाया जातात, आणि ट्रकच्या केबिनमध्ये बहुधा दोन-तीन माणसांचीच जागा असते.

कायद्याने जबाबदारी कोणावर, हे देशावर आहे. युरोपीय संघात विक्रेत्यावर दोन वर्षांची कायदेशीर हमी असते. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने सदोष वस्तू पहिल्या ३० दिवसांत नाकारता येते. भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. अशा मुदती दुरुस्तीची वाट पाहण्यात निघून जातात, म्हणून आपला हक्क राखून ठेवत असल्याचं पहिल्याच ईमेलमध्ये लिहा.

ट्रकवर चढवताना

चारही चाकं वर असलेला फ्लॅटबेडच मागा. दोरीने ओढू देऊ नका: इंजिन बंद असताना दोन-तीन वेळा पेडल दाबलं की ब्रेकची मदत संपते, स्टीअरिंग जड होतं, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तेलाशिवाय फिरून जातो.

चढवण्याआधी पाण्याच्या टाक्या रिकाम्या करा. १०० लिटर म्हणजे १०० किलो, आणि ते मागच्या बाजूला लोंबत असतात. पायरी आत, छताच्या खिडक्या बंद, वर उघडणारं छत पट्ट्यांनी बांधलेलं, ऑनिंगचं (बाजूला उघडणारं कापडी छप्पर) कुलूप लावलेलं. मागचा लांब भाग उतारावर घासतो तो सांडपाण्याच्या नळीवर नाहीतर बंपरवर, तेव्हा उताराच्या पायथ्याशी लाकडी फळ्या टाकायला सांगा. पट्टे चाकांवरून घ्यावेत. चासीखाली कन्व्हर्टरने बसवलेल्या टाकीच्या किंवा हीटरच्या ब्रॅकेटला हूक अडकवला तर ते वाकतं. ट्रकची फळी साधारण एक मीटर आणि व्हॅन २.८ मीटर मिळून ३.८ होतात. चालकाला हा आकडा स्वतः सांगा, कमी उंचीच्या पुलांवर तो महत्त्वाचा. वाटेत व्हॅनमध्ये कोणीही बसायचं नाही.

वर्कशॉपमध्ये

गाडी पोहोचण्याआधी विचारा: दरवाजा तीन मीटरपेक्षा उंच आहे का, लिफ्ट साडेतीन टनांच्या वर पेलते का. छोट्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये व्हॅन आवारात पडून राहते ती याच कारणाने.

जॉब कार्डवर निदान लिहू नका, लक्षण लिहा. "टर्बो खराब" लिहिलं तर टर्बो तपासला जातो आणि बाकी राहून जातं. असं लिहा: "६४०० किमी. लांब चढ, चौथा गिअर, वेग ७०, बाहेर ३१ अंश. ताकद अचानक गेली, पिवळा दिवा, काळा धूर. पंधरा मिनिटं थांबून सुरू केल्यावर ठीक, पुढच्या चढावर पुन्हा तेच. कोड पी०२९९, फोटो जोडला आहे." सोबत सर्व्हिसची नोंद आणि वजनकाट्याची पावती द्या. इंजिनात बदल केलेला नाही आणि गाडी जादा भरलेली नव्हती, हे दोन्ही प्रश्न तिथे येतातच.

इंजिन उघडण्याची परवानगी मागितली जाईल. सही करण्याआधी लेखी घ्या: उघडून दोष वॉरंटीबाहेरचा निघाला तर खर्च कोणाचा, आणि खालची टाकी, हीटर किंवा आतलं फर्निचर काढावं लागलं तर ती मजुरी कोणाची. गिअरबॉक्स किंवा डिझेलची टाकी उतरवताना कन्व्हर्टरचं काम आड येतं आणि मूळ कंपनी ती मजुरी धरत नाही, हा वाद नेहमीचा आहे.

गाडी सोडताना गॅसचे सिलिंडर काढून न्या किंवा कुठे ठेवायचे ते विचारा. फ्रिज रिकामा करून दार थोडं उघडं ठेवा. आतली वीज मुख्य स्विचने बंद करा, पण सोलर असेल तर आधी पॅनल तोडा आणि मग बॅटरी. उलट केलं तर काही रेग्युलेटर जळतात. आतले आणि बाहेरचे फोटो काढून किलोमीटर आणि डिझेलची पातळी जॉब कार्डवर लिहून घ्या.

मोठं काम निघालं तर

बेअरिंग गेलं आणि तेलात धातूचा चुरा सापडला तर नुसतं इंजिन बदलून भागत नाही. ऑइल कूलर आणि टर्बोच्या वाटांमध्ये तो चुरा अडकून राहतो आणि नव्या इंजिनाला तोच पहिल्या दिवशी मिळतो. ऑइल कूलर नवा हवा, टर्बो बदलला किंवा तपासला याचा लेखी उल्लेख हवा. टर्बो फुटला असेल तर इंटरकूलरमध्ये साठलेलं तेल काढलं का ते विचारा, नाहीतर ते ओढून इंजिन सुसाट सुटतं. डीपीएफमध्येही तेल गेलेलं असतं.

हाय प्रेशर पंप फुटला असेल तर इंधन फिल्टरच्या घराचं झाकण तुमच्यासमोर उघडायला सांगा. तळाशी चमचमती चंदेरी पूड दिसली तर ती पंपापासून इंजेक्टरपर्यंत सगळीकडे गेली आहे, आणि एकटा पंप बदलणं म्हणजे तेच काम काही महिन्यांनी पुन्हा.

नवं इंजिन बसलं तर काही देशांत नोंदणीच्या कागदांवर इंजिन क्रमांक बदलावा लागतो. बदललेल्या भागांची यादी, त्यांची स्वतंत्र वॉरंटी आणि काढलेले भाग, किमान त्यांचे फोटो, मागून घ्या. काही सॉफ्टवेअर अपडेट किंवा रिकॉल बाकी होते का, तेही व्हीआयएनवरून तपासून जॉब कार्डवर लिहायला लावा.

ताबा घेताना

गार इंजिनवर डिपस्टिक आणि कूलंटची पातळी पाहा. मग सर्व्हिस ॲडव्हायझरला शेजारी बसवून ज्या परिस्थितीत गाडी बंद पडली तसाच रस्ता चालवा, चढावर पडली असेल तर चढावर. परतल्यावर कोड रीडर लावून एकही कोड नाही याचा फोटो घ्या. खाली वाकून अंडरट्रे (इंजिनखालचं आच्छादन) सगळ्या स्क्रूंनी बसला आहे का पाहा, तो अर्धवट लोंबत असेल तर वेगात फाटतो. फ्रिज, पंप, हीटर, चालू इंजिनवर आतल्या बॅटरीचं चार्जिंग, फिरत्या सीट, सगळं एकेकदा चालवून पाहा. बॅटरी काढली गेल्यावर रेडिओचा कोड, घड्याळ आणि काही गाड्यांत खिडक्यांची ऑटो सेटिंग पुन्हा बसवावी लागते.

पहिले ५०० किलोमीटर झाल्यावर बॉनेट उघडा. होजचे क्लॅम्प बोटाने चाचपा, सांध्यांभोवती ओल आहे का पाहा, डिपस्टिकची खूण लिहून ठेवा, आणि गाडी रात्रभर उभी राहिली त्या जागी पुठ्ठा अंथरून सकाळी त्यावर थेंब पडलेत का ते तपासा.